दोन टाक्या, एक तोंड : जुन्या स्कूबा साधनांचा एक अभ्यास

आमच्या निवासी विद्यालयात सायंकाळच्या वंदनेनंतर वर्तमानपत्राचे सामूहिक वाचन होत असते. २०१८ च्या जुलै महिन्यात या वाचनाला अशी काही गर्दी होई की, एरवी मागच्या रांगेत पेंगणारी मुलेही पुढे सरकून बसत. थायलंडच्या चियांग राय प्रांतातील थाम लुआंग गुहेत १२ मुले आणि त्यांचे प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे अडकून पडले होते. गुहेतील पाणी उपसण्याच्या कामी सल्ला देण्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तेथे गेल्याची बातमी आली, तेव्हा मुलांना किर्लोस्करवाडी नकाशात शोधून दाखवावी लागली. पुढे ६ जुलै रोजी समान कुनान या माजी नौसैनिक पाणबुड्याचा मृत्यू झाल्याचे वाचले गेले. गुहेत हवेच्या टाक्या पोहोचवून परतताना तो पाण्यातच बेशुद्ध झाला होता. त्या दिवशी सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पाठीवर एकाऐवजी दोन टाक्या बांधल्या तर माणूस दुप्पट सुरक्षित होतो ना?"

आम्ही म्हणालो, "होय, अर्थातच."

हे उत्तर चुकीचे होते. निदान अर्धे तरी चुकीचे होते, आणि अर्धे चुकीचे उत्तर हे पूर्ण चुकीच्या उत्तरापेक्षा अधिक काळ टिकते, असा आमचा अध्यापनातील अनुभव आहे. गतवर्षी त्याच विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो धरणांतून आणि विहिरींतून बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या एका स्वयंसेवी गटात काम करतो. त्यांच्या गटाला कोणीतरी जुनी जोडटाकी अल्प किमतीत देऊ करीत होते. "सर, तुम्हीच म्हणाला होतात, दोन असल्या की चांगले. घेऊ का?" इतिहासाच्या शिक्षकाने अशा प्रश्नाचे उत्तर देऊ नये, हे आम्हांस कळते. परंतु पहिले उत्तर आम्हीच दिले होते. म्हणून त्यास थांबावयास सांगून आम्ही उपलब्ध साहित्य वाचले व जाणकारांना विचारले. त्यातून जे उमगले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडीत आहोत.

प्रथम साधनाचा इतिहास. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी 'अॅक्वालंग' सिद्ध केले. पाठीवर दाबाखालील हवेची टाकी आणि श्वास घेताच आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा देणारा रेग्युलेटर, एवढेच त्याचे सार. यामुळे माणूस जहाजाशी बांधलेल्या नळीवाचून पाण्यात मोकळा हिंडू लागला. पुढील दोन-तीन दशकांत अमेरिकेत ही साधने सर्वसामान्यांच्या हाती गेली. त्या काळातील पोलादी टाकी तिच्या घनफुटांतील क्षमतेवरून '७२' या नावाने ओळखली जाते. दर चौरस इंचाला २४७५ पौंड दाबाने भरली की तीत सुमारे २००० लिटर हवा मावते. अधिक काळ पाण्यात राहावयाचे असेल तर अशा दोन टाक्या पट्ट्यांनी एकत्र बांधीत आणि वरून एका आडव्या नळीने जोडीत. या जोडणीस मॅनिफोल्ड म्हणतात. जुन्या मॅनिफोल्डच्या मध्यभागी एकच तोंड असे आणि त्या तोंडावर एकच रेग्युलेटर बसे.

येथेच सारे मर्म आहे. आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गॅसचे दोन सिलिंडर एकाच नळीला जोडलेले असतात. दोन्ही भरलेले असले तरी नळीवरील रेग्युलेटर बिघडला की शेगडी विझते आणि दोनशे मुलांचे जेवण रखडते. दोन सिलिंडरांनी गॅस दुप्पट दिला, परंतु बिघाडापासून संरक्षण मुळीच दिले नाही. जुन्या जोडटाकीचे नेमके तसेच आहे. तिच्यात हवा दुप्पट आहे. परंतु हवेचा मार्ग एकच आहे. रेग्युलेटर उघडा अडकून हवा भसाभसा वाहू लागली, तर दोन्ही टाक्या काही मिनिटांत रित्या होतात. ती थांबविण्यासाठी मधली झडप बंद करावी, तर श्वासही बंद होतो.

मग त्या काळातील लोक अशी साधने वापरीतच कसे? उत्तर साधे आहे. ती साधने मोकळ्या समुद्रासाठी बनविली होती. डोक्यावर केवळ पाणी होते आणि त्यापलीकडे आकाश. काही बिघडले तर वर जाता येत होते. साधनाच्या रचनेत हे गृहीतक इतके खोल रुजलेले होते की, ते कोठे लिहूनही ठेवलेले नसे. गुहेत नेमके हेच गृहीतक नाहीसे होते. तेथे डोक्यावर खडक असतो. वर जाण्याचा मार्ग नसतो, आलेल्या वाटेने आडवे परत जाणे एवढाच मार्ग असतो.

जुन्या साधनांतील 'जे-व्हॉल्व्ह' हा प्रकार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेव्हा पाण्याखाली टाकीतील दाब दाखविणारे गेज सर्रास वापरात नव्हते. त्याऐवजी झडपेत एक स्प्रिंग असे. टाकीतील दाब सुमारे ३०० पौंडांवर आला की ती हवा अडवी, आणि श्वास जड झाला की पाणबुड्याने समजावे, हवा संपत आली. मग कमरेजवळची काडी ओढावी, खटका खाली यावा आणि राखीव हवा मोकळी व्हावी. कल्पना कुशल होती. परंतु हा खटका टाकी भरताना खाली ठेवावा लागे आणि नंतर वर करण्याचा विसर पडला, तर राखीव साठा आधीच खर्ची पडे व त्याची वार्ताही लागत नसे. गुहेच्या छताला घासून तो आपोआप खाली आला, तरी तोच परिणाम. शिवाय ती लोंबती काडी मार्गदर्शक दोरीत अडकण्यास अगदी सोयीची.

आता थोडे गणित. समजा, पाणबुड्या ३० मीटर खोलीवर आहे. तेथे एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून हवाही चौपट खर्च होते. मिनिटाला २० लिटर हवा लागणारा माणूस तेथे ८० लिटर वापरतो. '७२' च्या दोन टाक्यांत ४००० लिटर हवा. त्यातील ३०० पौंडांचा राखीव भाग म्हणजे सुमारे ४८५ लिटर. ही हवा त्या खोलीवर सुमारे सहा मिनिटे पुरते. मोकळ्या समुद्रात तेवढ्या अवधीत माणूस सावकाश पृष्ठभागावर पोहोचू शकतो, आणि वर जाताना दाब कमी होत असल्याने हवा अधिकच पुरते. परंतु तोच माणूस गुहेत मुखापासून २०० मीटर आत असेल तर? मिनिटाला १५ मीटर गतीने पोहला, तर सहा मिनिटांत तो ९० मीटर येईल. अर्ध्याहून अधिक वाट उरेल आणि हवा उरणार नाही. साधनात कोणताही दोष नाही, खटका बिनचूक चालला, राखीव हवा पुरेपूर मिळाली. तरीही माणूस बुडाला. आमच्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत भयंकर गोष्ट ही आहे.

या गणिताचे उत्तर फ्लोरिडाच्या झऱ्यांत सापडले. उत्तर फ्लोरिडाची भूमी चुनखडीची असून तिच्या पोटात पाण्याने भरलेली भुयारे मैलोन् मैल पसरली आहेत. पीकॉक, जिनी अशा झऱ्यांचे नितळ पाणी पाहून तरुण आत शिरत. त्यांतील अनेक परतले नाहीत. पुढे काही गुहांच्या तोंडाशी मृत्यूचे चित्र असलेले फलक लावण्यात आले. १९६८ मध्ये गुहा-डायव्हिंगसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १९७३ मध्ये राष्ट्रीय गुहा-अभ्यास संस्थेचा स्वतंत्र विभाग निघाला. तथापि, या चळवळीत आम्हांस सर्वांत जवळचा वाटणारा माणूस शेक एक्सली हा आहे. तो शाळेत गणित शिकवीत असे. १९७९ साली त्याने गुहा-डायव्हिंगच्या मूलतत्त्वांवर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची पद्धत अशी की, घडलेला मृत्यू घ्यावयाचा आणि त्याची कारणे शोधावयाची. 'धाडसी होता', 'वेळ आली होती' असले शब्द तेथे चालत नाहीत. कारणाशिवाय कार्य नाही, एवढ्याच एका भूमिकेवर ते पुस्तक उभे आहे. तपासाअंती वारंवार तीच कारणे समोर आली : बाहेरपर्यंत अखंड दोरी नव्हती, परतीसाठी हवा पुरेशी राखली नव्हती, खोली प्रमाणाबाहेर होती. पुढे प्रशिक्षणाचा अभाव आणि अपुरे दिवे हीही कारणे जोडली गेली.

हवेबाबतचा नियम 'एक-तृतीयांशाचा' म्हणून प्रसिद्ध आहे. एकूण हवेचा तिसरा हिस्सा आत जाण्यासाठी, तिसरा बाहेर येण्यासाठी आणि तिसरा अडचणीसाठी. आपल्या उदाहरणात तिसरा हिस्सा १३३० लिटर. त्यावर माणूस साडेसोळा मिनिटे, म्हणजे २५० मीटर आत जाईल. तेथे सोबत्याची हवा संपूर्ण गेली असे धरू. दोघे मिळून मिनिटाला १६० लिटर वापरतील. शिल्लक २६७० लिटर पुन्हा साडेसोळा मिनिटेच पुरतील. म्हणजे दोघे मुखाशी पोहोचतील आणि त्याच क्षणी टाकी रिती होईल. विद्यार्थ्यांना हे उदाहरण सोडवायला दिले असता त्यांनी तत्काळ आक्षेप घेतला की, घाबरलेला माणूस जोरजोरात श्वास घेईल, मग हवा कशी पुरेल? आक्षेप अचूक आहे. म्हणूनच अनुभवी पाणबुडे तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी हवा वापरून मागे वळतात.

आणि येथे जुन्या साधनाची दुसरी उणीव उघडी पडते. तिसरा हिस्सा केव्हा संपला हे कळण्यासाठी गेज हवे. केवळ जे-व्हॉल्व्ह असलेल्या जोडटाकीने हा नियम पाळताच येत नाही. दोन जाड नळ्यांच्या जुन्या रेग्युलेटरांवर, ज्यांच्या नळ्या मानेच्या दोन्ही बाजूंनी तोंडाशी येतात, बहुधा गेजसाठी छिद्र नसे आणि सोबत्याला देण्यासाठी दुसरे तोंडही नसे. हवा वाटून घ्यावयाची तर एकच तोंड आळीपाळीने वापरावे लागे. गढूळ पाण्यात, अरुंद भुयारात ही देवघेव कशी होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. आज गुहेत जाणारा सुमारे सात फूट लांब नळीचा रेग्युलेटर बाळगतो, कारण अरुंद जागी दोघांना एकामागोमाग एक पोहावे लागते.

मॅनिफोल्डच्या सुधारणेचा इतिहास थोडक्यात असा. बहामातील अँड्रॉस बेटाच्या परिसरात समुद्राखाली 'निळी विवरे' आहेत. त्यांचा शोध घेणारे कॅनडाचे जॉर्ज बेंजामिन यांच्या नावाशी एक नवी जोडणी निगडित आहे. तीत मधल्या एका तोंडाऐवजी दोन तोंडे, दोन झडपा आणि दोन स्वतंत्र रेग्युलेटर असतात. एक रेग्युलेटर बिघडला तर त्याची झडप बंद करावी. दोन्ही टाक्यांतील हवा दुसऱ्यातून मिळत राहते. किती लहान बदल, आणि त्याने केवढा फरक पडला! नंतर आडव्या नळीच्या मध्येही एक झडप आली. टाकीच्या मानेशी असलेली रबरी कडी निकामी झाली किंवा जादा दाबाने फुटावी म्हणून बसविलेली सुरक्षाचकती अवेळी फुटली, तर ही मधली झडप फिरवून निदान अर्धी हवा वाचविता येते.

सुधारणेनेही नवी अडचण आणली, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. डाव्या बाजूच्या झडपेची मूठ पुढे जाताना छताला घासली तर बंद होण्याच्या दिशेने फिरते. पाणबुड्या दुसऱ्या बाजूने श्वास घेत असल्याने त्यास हे कळत नाही आणि जेव्हा डाव्या रेग्युलेटरची गरज पडते, तेव्हा तो मुका असतो. म्हणून झडपांपर्यंत आपला हात पोहोचतो का, याचा सराव आवश्यक मानतात. हात न पोहोचणारी झडप असून नसल्यासारखीच. इंग्लंडमधील पाणबुड्यांनी निराळा मार्ग धरला. तेथील गुहा अरुंद, म्हणून टाक्या पाठीवर न घेता कुशीला बांधावयाच्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र रेग्युलेटर ठेवावयाचा. थाम लुआंगमध्ये मुलांना शोधून काढणारे दोघे याच परंपरेतील होते.

आता खुद्द धातूविषयी, कारण आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न 'जुनी' या शब्दावर होता. जुनी पोलादी टाकी म्हणजे बाद टाकी, असे नाही. नीट राखलेल्या, साठ वर्षांपूर्वीच्या '७२' टाक्या आजही चाचणीत उत्तीर्ण होतात. अमेरिकेत दर ५ वर्षांनी जलदाब चाचणी होते. टाकीत पाणी भरून तिला नेहमीच्या दाबाच्या पाच-तृतीयांश, म्हणजे येथे ३७५० पौंड दाब देतात. ती फुगते, दाब काढल्यावर आकसते. फुगवट्यापैकी १० टक्क्यांहून अधिक भाग कायम राहिला तर ती बाद. उत्तीर्ण झाल्यास महिना व वर्ष गळ्याशी ठोकतात. या शिक्क्यांचे वाचन करताना आम्हांस आमच्या विषयात परतल्याचा आनंद झाला, हे कबूल करतो. ताम्रपटाप्रमाणेच येथेही शासनकर्त्याचे नाव, साल आणि मर्यादा कोरलेली असते. 'आयसीसी' ही अक्षरे असतील तर ती अमेरिकन टाकी सुमारे १९७० पूर्वीची, 'डीओटी' असतील तर नंतरची. पुढे '३एए' हा पोलादाचा प्रकार आणि '२२५०' हा दाब. चाचणीच्या तारखेपुढे अधिकचे चिन्ह असेल तर १० टक्के जादा भरण्यास मुभा.

अॅल्युमिनियमच्या जुन्या टाक्यांची गोष्ट वेगळी. '६३५१' या मिश्रधातूच्या काही टाक्यांच्या मानेत सततच्या दाबाने सूक्ष्म भेगा पडतात असे आढळले, आणि त्यातून स्फोटही झाले. निर्मात्यांनी नंतर तो धातू सोडून '६०६१' घेतला. जुन्या धातूच्या टाकीची मान विद्युत्-चुंबकीय उपकरणाने तपासल्याशिवाय ती भरू नये.

पोलादाचा शत्रू आतला गंज होय. टाकीत ओलावा शिरला आणि ती भरलेल्या अवस्थेत दीर्घकाळ पडून राहिली, तर गंज हवेतील प्राणवायू खाऊन टाकतो. दाब पुरेसा दिसतो, परंतु आतील हवा जगविण्याजोगी नसते. अशी हवा श्वासात घेणाऱ्याला गुदमरल्याची जाणीवही होत नाही, तो थेट बेशुद्ध होतो. अनेक महिने ठेवलेली टाकी रिकामी करून, आत पाहून, नव्याने भरावी, ही दक्षता त्यासाठीच.

मात्र नव्या टाकीतही वाईट हवा असू शकते. १९४६ मध्ये कुस्तो आणि त्यांचे सहकारी फ्रेदेरिक द्युमा दक्षिण फ्रान्समधील फोंतेन द व्होक्ल्यूज या झऱ्याच्या गुहेत उतरले आणि मरता मरता वाचले. खोलवर त्यांची शुद्ध हरपू लागली होती. परतल्यावर टाक्यांतील हवेचे परीक्षण केले, तेव्हा तीत कार्बन मोनॉक्साइड निघाला. टाक्या भरणारा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर शोषून घेत होता.

१९८५ ते २०१५ या तीस वर्षांतील अमेरिकन गुहा-डायव्हरांच्या मृत्यूंचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात १६१ मृत्यूंची नोंद असून ६७ जण प्रशिक्षित, ८७ अप्रशिक्षित होते. वार्षिक मृत्यू आठांवरून तीनांच्याही खाली आले, परंतु मृतांतील प्रशिक्षितांचे प्रमाण दुप्पट झाले. बहुतेक प्रसंगी क्रम असा : तळाचा गाळ उसळला, दिसेनासे झाले, वाट चुकली, हवा संपली. टाकी फुटून मेलेला माणूस या क्रमात दिसत नाही. खुद्द एक्सलीही १९९४ मध्ये मेक्सिकोतील झाकातोन या अतिखोल विवरात मरण पावला.

विद्यार्थ्याला आम्ही टाक्यांची छायाचित्रे पाठविण्यास सांगितले. त्याने बॅटरीच्या उजेडात गळ्यावरचे शिक्के टिपून पाठविले. 'आयसीसी ३एए २२५०'. चाचणीची शेवटची वाचता येणारी तारीख त्याच्या जन्माच्याही आधीची. मध्ये एकच तोंड, त्यावर जे-व्हॉल्व्हचा खटका, गेज नाही. आम्ही त्यास कळविले की, टाक्या मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घ्याव्यात. उत्तीर्ण झाल्या तर नव्या झडपा बसवून एकेक वेगळी, धरणाच्या मोकळ्या पाण्यात, प्रशिक्षकाच्या संमतीने वापरता येईल. परंतु बुडालेला पूल, नळमोरी, विहिरीच्या कडेची कपार, जेथे जेथे डोक्यावर छत आहे तेथे ही जोडी या रूपात नेऊ नये. आणि २०१८ सालचे आमचे उत्तर चुकले होते, तेही त्यास सांगितले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, मी ते गटातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता प्रत्येकाला फोन करावा लागेल." त्याने त्याच रात्री ते फोन केले.

एक टाकी चाचणीत नापास झाली. मॅनिफोल्डचा गटास उपयोग नव्हता, म्हणून त्याने तो शाळेला पाठवून दिला. आता तो विज्ञानाच्या कपाटात, भिंगांच्या शेजारी ठेवलेला आहे. गेल्या महिन्यात नववीच्या दोन मुलांनी त्याची दोन टोके तोंडाला लावली, तिसऱ्याने मधल्या तोंडावर अंगठा दाबून धरला आणि दोघांनी गाल फुगवून एकाच वेळी फुंकर मारली. हवा कोठूनच बाहेर आली नाही.